चार ट्रॅक आणि शेजारचे माग

आमचा बँड चौघांचा. दोन गिटार, बास आणि ड्रम. लेबल नाही, मॅनेजर नाही, आणि स्टुडिओत तासावर पैसे मोजत गाणी करण्याइतकी ऐपतही नाही. त्यामुळे पहिला चार गाण्यांचा डेमो बेळगावच्या वडगावात पत्र्याच्या माळ्यावर झाला. सामान म्हणजे एक जुनं चार-ट्रॅक कॅसेट यंत्र, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपात नेणारी डबी), एक लॅपटॉप आणि तीन डायनॅमिक माईक. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी हेच करायला घेतलं असेल तर कामाला येईल एवढंच इथं लिहितोय.

लो-फाय, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं रेकॉर्डिंग, म्हटलं की कसंही रेकॉर्ड केलं तरी खपतं, असा समज असतो. टेपचा सुस्कारा, जरा फाटलेली गिटार, खोलीचा घुमारा हे सगळं गोड लागतं. बेसूर तार आणि विजेची गुणगुण मात्र कितीही प्रेमानं ऐकली तरी गोड लागत नाही.

माळ्याच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग आहेत. शहापूर, वडगाव, खासबागेत राहणाऱ्याला ती खटखट ऐकूच येत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. माईकला पडलेली नसते. सुरुवातीला आम्हीही अंड्यांचे ट्रे गोळा करून भिंतीला चिकटवले. त्यानं खोलीतला वरचा किणकिणाट थोडा मऊ होतो, बाहेरचा आवाज तसूभरही अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि मागाचा ठोका तर हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येतो. माईकचा स्टँड दुमडलेल्या वाकळेवर ठेवला आणि गिटारचा अॅम्प खुर्चीवर चढवला, तेव्हा कुठं फरक पडला. गाणाऱ्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड वाकळी टांगायच्या. समोर टांगून फारसं साधत नाही. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूनं कमी ऐकतो, गाणाऱ्याच्या पाठीमागून परतून येणारा आवाज मात्र सरळ त्याच्या तोंडात जातो.

जून ते सप्टेंबर पत्र्याखाली गळा रेकॉर्ड करायचा नाही. सर उतरली की टेक संपला.

लाईट जाण्याचा मात्र आम्हाला फायदा झाला. लाईट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो, ट्यूबलाईटचा चोक गप्प होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि इंटरफेसला वीज यूएसबीतूनच मिळते, त्यामुळे मेन्सशी संबंधच उरत नाही. गळा आणि अकॉस्टिक गिटार आम्ही याच वेळेसाठी राखून ठेवत होतो. माईक लावलेला, लेव्हल बघून ठेवलेली, फाईल उघडून ठेवलेली. दिवा गेला की कुणीतरी खाली पळत जाऊन कुकर बंद करायला सांगायचा आणि इकडं रेकॉर्डचं बटण दाबायचं.

लाईट असताना गुणगुण येते ती ५० हर्ट्झची, आणि तिच्या पटीतली १०० आणि १५०. कारणं वेगवेगळी असतात. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी एकेरी गुंडाळी) असलेली गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिरा, एका दिशेला गुणगुण बरीच उतरते. तिथंच बसून वाजवायचं. तारांना हात लावला की कमी होत असेल तर गिटारची आतली जोडणी ठीक आहे. पण माईकला ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील तर गाणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. जुन्या घरांत तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर पुष्कळदा जोडलेलीच नसते. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

माईकबद्दल एक गोष्ट. मंडपवाल्याकडचा किंवा भजनी मंडळाचा अहुजाचा डायनॅमिक माईक या कामाला पुरेसा आहे. त्याच्यासोबत येणारी वायर एका टोकाला कॅनन (तीन पिनांचा एक्सएलआर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (गिटारला लागतो तसा पाव इंची प्लग) अशी असते. ती इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावली की आवाज बारीक आणि खरखरीत येतो, मग सगळे माईकला नावं ठेवतात. कॅनन ते कॅनन वायर करून घ्या, माईक इनपुटला लावा. वायर बदलली आणि आमचा माईक सुधारला!

ड्रमला दोनच माईक. एक बास ड्रमसमोर, एक वरून. वरचा माईक ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या किंचित वर, स्नेअरकडं (खरखरत्या आवाजाच्या छोट्या ड्रमकडं) तोंड करून, साधारण एक मीटरवर. अंतर सुतळीनं मोजायचं आणि सुतळी तिथंच बांधून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच आवाज मिळतो. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून दोन्ही माईक एकत्र ऐकताना बास ड्रम पोकळ वाटू शकतो. एका चॅनलचं फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण दाबून बघा आणि ज्या स्थितीत पोटात ठोका बसतो ती ठेवा. आमचा ड्रमर कन्नड. चार काठ्यांची सुरुवात तो ‘वंद, येरड, मूर, नाक’ अशीच मोजतो. क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका) आम्ही वापरली नाही, पण ही मोजणी प्रत्येक टेकवर टेपवर आलीच पाहिजे. नंतर वाद्यं चढवताना सुरुवात कुठं हे तिच्यावरूनच कळतं.

आता यंत्र. टॅस्कॅमनं १९७९ साली पोर्टास्टुडिओ १४४ काढला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरबसल्या घेता येऊ लागले. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये दोन ट्रॅक ए बाजूचे आणि दोन बी बाजूचे. इथं चारही एकाच दिशेनं जातात, म्हणून कॅसेट उलटायची नाही. यंत्र दुप्पट वेगाचं असेल तर सी-६० मध्ये, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये, फक्त १५ मिनिटं बसतात. आम्ही एका कॅसेटवर दोनच गाणी घेतली. सी-९० ची टेप पातळ असते, मागेपुढे करताना ताणली जाते. ती नको.

जुन्या घरांत कीर्तन-भजनाच्या कॅसेटी खोक्यानं सापडतात आणि त्यांवरच रेकॉर्ड करावं असा मोह होतो. वरचा मोडलेला कान चिकटपट्टीनं झाकला की यंत्र रेकॉर्ड घेतं. पण आधी खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि बेळगावच्या पावसाळ्यात ती धरतेच. अशी कॅसेट एकदा फिरवली की घाण हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढची चांगली टेपही मंद ऐकू येते. हेड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलनं, कापसाच्या काडीनं पुसायचं. औषधांच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं. रबरी रोलरला साबणाच्या पाण्याचा ओला फडका पुरतो. आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल तर बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो.

पहिल्या गाण्यात आम्ही बाऊन्सिंग केलं. ड्रमचे दोन आणि बासचा एक असे तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर घेतले आणि पहिले तीन पुसून गिटार-गळ्याला मोकळे केले. हे परत फिरवता येत नाही. वर गिटार चढल्यावर बास बुडाला, आणि तो उचलायला गेलं की बास ड्रमही उचलला जातो. शिवाय प्रत्येक बाऊन्सला सुस्कारा वाढतो आणि झांजांची धार जाते. करायचंच असेल तर बास आणि हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) कानाला ‘जरा जास्तच’ वाटतील इतके ठेवा.

पुढची तीन गाणी वेगळ्या रीतीनं केली. टेपवर फक्त १ बास ड्रम, २ वरचा माईक, ३ बास, ४ अंदाजाची गिटार. लेव्हल सुई +३ च्या आसपास, म्हणजे टेप जरा दाबते आणि स्नेअर जाड होतो. मग सगळं लॅपटॉपमध्ये. इंटरफेसला दोनच इनपुट, म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागतात, आणि इथं टेप दगा देते. दोन्ही फेऱ्यांत मोटर अगदी सारख्या वेगानं फिरत नाही, त्यामुळं शेवटाकडं जोड्या सरकतात. ड्रमचे दोन्ही ट्रॅक म्हणूनच एका फेरीत घ्यायचे. त्यांच्यातलं अंतर बदललं तर फेज बिघडतो. बास सरकला तर त्याला प्रत्येक कडव्याच्या आरंभी कापून पुन्हा ठोक्यावर बसवता येतं.

कॅसेटच्या सुरुवातीला ट्यूनरचा ४४० हर्ट्झचा सूर दहा सेकंद घ्या. यंत्राचा वेग नुसता २ टक्के चुकला तरी सूर ३४ सेंट सरकतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांश. मग नवी गिटार जुन्या ड्रम-बासशी जुळतच नाही आणि सगळे गिटारवाल्याकडं बघतात.

लॅपटॉपवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज −१० डीबीच्या आसपास. गाताना स्वतःचा आवाज डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे थेट इंटरफेसमधून ऐका, सॉफ्टवेअरमधून फिरून आलेला नको. मराठीत भ, फ, ध भरपूर, आणि ‘भिजलेली’सारख्या शब्दाला माईकवर धप्प होतं. भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ मोजा ताणून चार बोटं पुढं लावला, आणि माईक तोंडासमोरून ओठाच्या कोपऱ्याकडं सरकवला. त्यानंतर गळ्यातलं १०० हर्ट्झखालचं कापून टाकलं की उरलासुरला मागाचा ठोकाही जातो.

मिक्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोनच्या स्पीकरवर, रिक्षातल्या डेकवर आणि हेडफोनवर ऐकायचं. मास्टर (शेवटची फाईल) फोडून मोठा करण्यात अर्थ नाही, स्पॉटिफाय −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला खाली आणतंच.

प्रकाशनाआधी चौघांनी एका कागदावर कुठल्या गाण्यात कुणाचा किती वाटा हे लिहून सह्या केल्या. कव्हरचं चित्र ३००० × ३००० पिक्सेल. वितरकाच्या (गाणी अॅपांवर चढवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये भाषा मराठी निवडा आणि बँडचं रोमन स्पेलिंग पहिल्या दिवशी जे ठरवाल तेच कायम ठेवा, नाहीतर दोन वेगळी पानं तयार होतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं पाठवायचं तर तारखेच्या किमान सात दिवस आधी. तिथं १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत. बँडकॅम्प, म्हणजे गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकायची साइट, डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, आम्हाला तो हिशेब बरा वाटला. मूळ कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत, माळ्यावर नव्हे तर खालच्या कपाटात.