तिलावाचे प्रवासी

नोव्हेंबर लागला की मला ‘तिलावा’ आठवते. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा, डर्बनकडे निघालेली ही आगबोट २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने भर समुद्रात बुडवली. ९५८ माणसांपैकी २८० गेली.

पहिल्या टॉर्पेडोनंतर बोट लगेच बुडाली नव्हती. होड्यांत उतरलेले काही जण परत वर चढले, आणि दुसरा टॉर्पेडो आला. हे वाचताना मी दर वेळी इथेच अडते. अंधार, लाटा, सोबत पोरंबाळं; बोट अजून तरंगतेय म्हटल्यावर मीसुद्धा परतच गेले असते. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला आणलं.

बोटीत साठ टन चांदीही होती. २०१७ साली ती तळातून वर काढली, तिच्यावरून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. २,३६४ विटा, एकूण एक मोजलेल्या. माणसांचं काय? त्यांचे वारस मुंबईत जमले ते २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी. आफ्रिकेला निघालेले व्यापारी, त्यांच्या बायकामुली, खलाशी... बॅलार्ड पिअर धक्क्यापाशी या सगळ्यांची नावं कोरलेली असावीत, असं मला फार वाटतं. खलाशांचीसुद्धा.