आमच्या बँकेची रंगीत तालीम

चोपडा तालुक्यातल्या एका लहान सहकारी बँकेत संगणकाचं काम मी पाहतो. आपत्कालीन आराखडा आमच्याकडे होता, सल्लागाराने करून दिलेला, चांगला जाडजूड. तापीला पूर आला तर काय, आग लागली तर काय, सगळं त्यात होतं. कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचे सगळे व्यवहार सांभाळणारी मुख्य संगणक यंत्रणा, चालवणारी कंपनीच आडवी झाली तर? त्यावर एक ओळ नव्हती.

३१ जुलै २०२४ ला लहान बँकांना अशीच यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवरच्या रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) हल्ल्याची बातमी आली. यूपीआय वगैरे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. आमची बँक त्यात नव्हती, पण संचालकांना घाम फुटला आणि आराखडा नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तांत्रिक भाग त्या मानाने सोपा. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवायची, कारण हल्लेखोर आधी तिच्याच मागे लागतात. लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये कधी काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. अडलं माणसांपाशी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. रात्री दोनला कळलं, तर नेटवर्कची लाइन तोडायचा हुकूम कोणाचा? मॅनेजर म्हणाले, अध्यक्षांना विचारू. अध्यक्ष म्हणाले, मीटिंग बोलवू. शेवटी ठराव झाला: ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने आधी तोडायचं, मग फोन करायचा. माझ्या मते अख्ख्या आराखड्यात कामाचा ठराव हाच.

मग सुटीच्या शनिवारी तालीम घेतली. सिस्टिम बंद आहे असं धरून काउंटर चालवायचा. निवृत्तीला आलेले कॅशियर आप्पा म्हणाले, "पन भाऊ, खातामा कितला पैसा शेतस, हाई कसं समजी?" सगळे गप्प. आता रोज संध्याकाळी खात्यांच्या शिलकीची यादी निघते, तिजोरीत जाते; सिस्टिम बंद असताना त्यावरून ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे द्यायचे. आधी काय सुरू करायचं यावरही वाद झाला. संचालकांना एटीएम हवं होतं. केळी कापणीच्या मजुरांना रोजच्या रोज रोख लागते, म्हणून काउंटर पहिला ठरला.

करारात एक कलम घालायला मात्र आमची कोअर बँकिंगची कंपनी तयार नाही: त्यांच्याकडे गडबड झाली तर आम्हाला तासाभरात कळवायचं. त्यांचा करार म्हणे सगळ्या बँकांना एकच. पुढच्या तालमीला त्यांचा माणूस ऑनलाइन बसेल, एवढं कबूल करून घेतलंय.