तुम्ही विचारलंत म्हणून: ओळख नसेल तर अर्ज कशाला करायचा?

निवृत्तीनंतर मी सोलापुरातल्या ज्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो, तिथे अर्ज तपासून घ्यायला येणारी मुले-मुली मला वरचा प्रश्न दर आठवड्याला विचारतात. एका अनुदानित शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लिपिक म्हणून माझे आयुष्य गेले असल्यामुळे या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणे मला शोभणार नाही.

वशिला चालतो. त्याचे कागद मी माझ्या हाताने तयार केले आहेत. अनुदानित शाळेत पगार सरकारी तिजोरीतून येई, पण माणूस निवडण्याचे काम व्यवस्थापनाकडे असे, आणि या फटीतूनच पुतणे, भाचे, जावई आत शिरत. जाहिरात निघे, अर्ज येत, मुलाखती होत आणि दप्तर इतके चोख असे की कुठे बोट ठेवायला जागा नसे.

एका वर्षी सहशिक्षकाच्या एकाच जागेसाठी पूर्व भागातून एक मुलगी आली होती. तिची आई विड्या वळत असे. मुलीने प्रत्येक गुणपत्रक लॅमिनेट करून, दहावीपासून बी.एड.पर्यंत क्रमाने फाईलला लावले होते, आणि पाने उलटताना ती कोपरे दुमडणार नाहीत याची काळजी घेत होती. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. बाहेर आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबून तिने विचारले, "सर, माझं काय कमी पडलं?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी होईल, बाळ." त्या वेळी दुसऱ्याच्या नावाचे नेमणूकपत्र माझ्या खणात टाइप होऊन पडले होते, त्यावर फक्त तारीख आणि सही राहिली होती.

पुढे तिने इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावल्याचे कानावर आले. त्याची फी विड्यांच्या मजुरीतून गेली असणार, आणि दुखणे तर भलतीकडेच होते. वशिल्याने एक जागा जाते, हे सगळेच बोलतात. पण स्वतःला तोलायचा काटाही त्या मुलांच्या हातून हिरावला जातो आणि ती वर्षानुवर्षे नसलेला दोष स्वतःमध्ये शोधत राहतात, याचे मला अधिक वाईट वाटते.

सरकारी नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही, त्यांत संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये धर्म आणि जातीबरोबर 'कूळ' हा शब्दही स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रात वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. बापाची खुर्ची मुलाला मिळू नये, हे आपण इतक्या आधी ठरवले होते. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्यावर शहरात पक्क्या नोकऱ्या आटल्या आणि चिठ्ठीचा भाव वाढला, हे खरे आहे. पण त्यामुळे चिठ्ठी रास्त ठरत नाही.

तरीही अर्ज करा, असेच मी सांगतो. जिथे लेखी गुणांवर यादी लागते, तिथे आधी करा. शिक्षकभरतीत २०१७ साली अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल आल्यापासून जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलाखतीशिवाय निवड होते, आणि माझ्या ओळखीची, कुणाचेही पाठबळ नसलेली मुले त्या वाटेने लागली आहेत. जिथे मुलाखत असेल, तिथे निकालानंतर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून स्वतःचे गुण लेखी मागा. अनुदानित संस्थांनाही तो कायदा लागू होतो. हा अर्ज कसा लिहायचा, ते मी अभ्यासिकेत बसवून शिकवतो.

मागच्या खेपेस एका मुलाला असे उत्तर मिळाले. लेखी परीक्षेत तो पहिला होता आणि मुलाखतीत त्याला वीसपैकी दोन गुण दिले होते. त्याचे अपील अजून चालू आहे, पण तो कागद त्याने फाईलमध्ये सगळ्या गुणपत्रकांच्या वर लावला आहे.