मधल्या वर्षात कुणी विचारलंय का?

आमच्या वैद्यकीय शिक्षकांच्या संघटनेत सभासदांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हातात एक्सेलची एक यादी पडली. नावं भरपूर, पण निम्मे मोबाईल नंबर लागत नव्हते. कुणाची बदली झालेली, कुणी निवृत्त, कुणी सरकारी नोकरी सोडून खासगी कॉलेजात गेलेलं. वर्गणीची आठवण करून देणारा मेसेज मी तीनदा पाठवला. उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी आली.

मग फोन करायचं ठरवलं. मी फिजिऑलॉजी शिकवते. दुपारचं प्रॅक्टिकल आटोपलं की रोज चार-पाच फोन. "बघते मॅडम", "मार्चनंतर सांगतो" एवढंच समोरून यायचं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नव्या कॉलेजातल्या ॲनाटॉमीच्या मॅडमनी मात्र स्पष्टच सांगितलं, "पैसे भरले की पावती येते, आणि वर्षाने पुन्हा फोन येतो. मधल्या वर्षात मी काय करते, हे कुणी विचारलंय का?"

मी म्हटलं, "सांगा ना, सध्या काय चाललंय?" त्या पाऊण तास बोलल्या.

२०१९ मध्ये एमबीबीएसला नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि आम्हा शिक्षकांवर एकदम बरंच काही येऊन पडलं. लॉगबुक, पहिल्या वर्षापासून रुग्णांची ओळख, वृत्ती-नीती-संवादाचे म्हणजे एटकॉमचे तास. शिकवण्याच्या पद्धतींचा तीन दिवसांचा बेसिक कोर्स करून माणूस आपल्या डिपार्टमेंटला परततो, आणि तिथे कधी कधी असं काही करू पाहणारा तो एकटाच असतो. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये वैद्यकीय शिक्षकांसाठीची फेमर फेलोशिप सुरू झाली. तिथे दोन वर्षं मार्गदर्शक पाठीशी असतो, हाती घेतलेलं काम शेवटाला नेईपर्यंत सोबत असते. पण तिथे जागा थोड्या. बाकीच्यांना ही सोबत संघटनेने द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मॅडमची अडचण एटकॉमची होती. मृतदेह हा आपला पहिला गुरू, या विषयाचा तास पहिल्या वर्षाला असतो. तास छान झाला, मुलं गंभीर होती. पण नंतर लिहून आणायला सांगितलेले अनुभव वाचताना त्यांचा जीव खट्टू झाला. पानामागून पान तेच, "मला देहदानाचे महत्त्व समजले", शब्दही सारखेच. "मी कुठे कमी पडले?" हा प्रश्न त्या महिनोन् महिने मनात घेऊन बसल्या होत्या.

त्या फोननंतर मी वर्गणीचा विषय बाजूला ठेवला. सगळ्यांना एकच विचारू लागले, शिकवताना सध्या कुठे अडतंय? उत्तरं वहीत लिहून घेतली. महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी तासभर ऑनलाइन बसायचं, पाहुण्यांचं भाषण नाही, एका सभासदाचं काम समोर घ्यायचं, असं ठरलं. पहिली पाळी अर्थात ॲनाटॉमीच्या मॅडमची.

पहिली बैठक जमली नाही. दोन ज्येष्ठ सर बोलत राहिले, तरुण मंडळी कॅमेरे बंद करून ऐकत होती. शिवाय एकाच कॉलेजातले विभागप्रमुख आणि ट्यूटर समोरासमोर असले, तर ट्यूटर कसा बोलणार? पुढच्या वेळी गट सहा-सात जणांचे केले, एका गटात एका कॉलेजातला एकच माणूस, आणि बोलण्याची सुरुवात सगळ्यात नव्या सभासदाने करायची. ज्येष्ठांनी हे फार मोठ्या मनाने स्वीकारलं.

तेव्हा मॅडमची पानं पुन्हा समोर घेतली. कम्युनिटी मेडिसिनच्या एका तरुण ट्यूटरने विचारलं, "मॅडम, ही पानं मुलं कधी लिहितात?" घरी, आठवड्याभरात. "मग हॉलमधून बाहेर पडायच्या आधीच पाच मिनिटं दिली तर? आणि प्रश्न त्याच दिवसाचा. आज मृतदेहाला हात लावण्याआधी काय वाटलं?"

पुढच्या बॅचला त्यांनी तसंच केलं. एका मुलीने लिहिलेल्या ओळी त्यांनी आम्हाला वाचून दाखवल्या. त्या काकांच्या नखांना कुणीतरी नीट आकार दिलेला दिसला, आणि मला माझे आजोबा आठवले, असं तिने लिहिलं होतं. ऐकताना आम्ही सगळेच गप्प झालो.

दुसऱ्या एका सरांनी ओएसपीई म्हणजे ठरलेल्या टप्प्यांवर मार्क देणाऱ्या प्रॅक्टिकल परीक्षेतल्या, रक्तदाब मोजण्याच्या स्टेशनची चेकलिस्ट आणली. समजावून सांगणं, कफ बांधणं, आधी नाडी चाचपून दाब काढणं, हे सगळं एकाच ओळीत. मुलाने समजावलं, पण कफ चुकीचा बांधला, तर मार्क किती? दोन परीक्षक दोन उत्तरं देतील. त्या ओळीच्या तीन ओळी केल्या. काम दहा मिनिटांचं, पण सर तीन वर्षं तीच चेकलिस्ट वापरत होते.

काही नंबर अजूनही लागत नाहीत, आणि काही जणांना खरोखरच वेळ नाही. त्यांचा मला राग येत नाही; ओपीडी, इमर्जन्सी सांभाळून शिकवणाऱ्यांची ओढाताण मी रोज बघते.

मागच्या महिन्यात ॲनाटॉमीच्या मॅडमचा फोन आला. वर्गणी कुठे भरायची ते विचारत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या यादीत आमचे फार्माकॉलॉजीचे सर आहेत ना, ज्यांचा फोन लागत नाही? त्यांची बदली झालीये. नवा नंबर त्यांना विचारून घेतलाय, लिहून घ्या. पण आधी त्यांना विचारा हं, काय शिकवताय ते."