तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा भूकंप कधी होणार?

गावात गाडीतून उतरून नकाशा उघडला की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. सरपंच विचारतात, शाळेतली पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले नातेवाईकही विचारतात. मी सरकारी खात्यात भूवैज्ञानिक आहे आणि भूकंपाचा धोका कुठे किती, हे शोधणं माझं काम. उत्तर सरळ आहे: तारीख सांगता येत नाही. मलाच नव्हे, जगात कोणालाही नाही. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही आणि होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

30 सप्टेंबर 1993 ला मी सातवीत होते, सोलापूरला. आदल्या दिवशी गणपती बुडवून दमून झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना मांडणीवरची भांडी खळाखळा वाजली आणि आईने आम्हाला ओढत अंगणात आणलं. आमच्या घराला तडासुद्धा गेला नाही. तिकडे किल्लारी, सास्तूर, होळी या गावांत त्याच मिनिटाला हजारो माणसं गेली. भूकंप 6.2 चा. हिमालयात असे भूकंप बऱ्याचदा होतात, त्यांतल्या सगळ्यांत इतकी माणसं मरत नाहीत. मग इथे का गेली? मी या विषयाकडे वळले ती या प्रश्नामुळे.

याचं बरंचसं उत्तर डोक्यावरच्या छपरात होतं. त्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी नवा थर चढवायचा, जुना कोणी काढत नाही. दीड-दोन फूट माती साचली की प्रत्येक चौरस मीटरवर पाऊण ते एक टन ओझं होतं आणि सप्टेंबर अखेरीस ती ओली, म्हणजे आणखी जड. भिंती दिसायला किल्ल्यासारख्या जाड, पण आतून बाहेरून दोन वेगळे थर आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की दोन थर फुगून एकमेकांपासून सुटतात. ज्या घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, धडपणे उभे राहिले, तिथली माणसं भिंती पडूनही वाचली.

'आधी काही खूण मिळत नाही का?' हाही प्रश्न ठरलेला. किल्लारीला 1992 मध्ये धक्के जाणवले होते आणि वर्षभरात मोठा भूकंप झाला, हे खरं. पण डहाणू-तलासरी भागात 2018 च्या नोव्हेंबरपासून शेकडो धक्के बसले, माणसं थंडीत तंबूत झोपली, आणि तसा मोठा भूकंप आला नाही. सुरुवात दोन्हीकडे सारखीच दिसते. पहिल्यावरून दुसऱ्याची तारीख सांगितली असती तर हजारो घरं रिकामी करून ठेवली असती, किती महिने ते कोण ठरवणार?

'छोटे धक्के बसले म्हणजे ताण निघून जातो, बरंच आहे की,' असंही लोक म्हणतात. दुर्दैवाने हिशेब तसा नाही. आकडा एकने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. 6 च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला 4 चे जवळपास हजार धक्के लागतील.

तारीख नाही, पण जागा आणि जोर यांबद्दल पुष्कळ सांगता येतं. कोयनेचं धरण 1962 च्या सुमारास भरू लागलं, धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 ला मोठा भूकंप झाला. तिथे आजही धक्के बसतात, पण ते धरणाच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा पट्ट्यातच. त्याच भागातल्या गोठणे गावाजवळ तर 3 किलोमीटर खोल विंधन विवर घेतलंय, भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाच्या जवळ जायला. किल्लारीतही विवर घेतलं तेव्हा कळलं, की काळा पाषाण फक्त 340 मीटरच्या आसपास, त्याखाली वेगळेच पुरातन खडक. दख्खनचं पठार म्हणजे अखंड भक्कम कातळ, हा समज किल्लारीने मोडला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता; 2002 च्या नकाशात क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आला.

माझं रोजचं काम याहून खूप साधं दिसतं. शेताच्या बांधालगत जमिनीत 24 जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारी छोटी उपकरणं) ओळीने खोचायचे, लोखंडी पाटावर घण मारायचा आणि लाट किती वेगाने येते ते मोजायचं. कातळात लाट झपाट्याने धावते. काळ्या मातीत शिरली की मंदावते आणि झोका वाढतो. म्हणून एकाच गावात वरच्या आळीला आणि ओढ्याकाठच्या आळीला वेगवेगळा हादरा बसतो. पाया मुरमापर्यंत नेलाय की काळ्या मातीतच थांबवलाय, हे मी हटकून विचारते.

गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आजींच्या घरी बसले होते. नवं घर पत्र्याचं, भूकंपानंतरचं. चहा पुढे करत त्या म्हणाल्या, "पोरी, एवढं शिकलीस, मग कवा येणार तेवढं सांग की." मी म्हटलं, "आजी, ते नाही सांगता येत. पण तुम्ही झोपता कुठे, ते दाखवा." त्यांनी मागे नेलं. जुन्या घराच्या दोन खणांची खोली अजून उभी होती. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून त्या आणि नातू तिथेच झोपतात. मुलाने शिडी लावली, आम्ही वर चढलो, कुदळीने एका कोपऱ्यात माती उकरली आणि टेप लावला. मुलगा म्हणाला, "आजोबांच्या वेळेपासनं चढवतोच आहे, कधी मोजलं नव्हतं." कितपत उतरवता येईल, गळू नये म्हणून काय घालायचं, खांब खालून किडलेत का, यावर आम्ही तास-दीड तास बोललो. मग खाली येऊन मी फॉर्म भरला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: माळवद, माती 22 इंच, खाली दोन माणसं झोपतात.