तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत फळझाडाचं फूल किती डिग्रीला मरतं?

एकच आकडा सांग, बास. मिशिगनमधले बागवाले हेच म्हणतात, फोनवर निफाडचा मामाही हेच म्हणतो. आकडा काढणं हेच माझं काम, पगार त्याचाच मिळतो, मान्य.

तर किती थंडीला किती फुलं मरतात याचा तक्ता सांगतो, सफरचंद पूर्ण फुललेलं असताना अर्धा तास उणे 2.2 सेल्सिअस राहिलं तर 10 टक्के फुलं जातात, उणे 3.9 ला 90 टक्के. म्हणजे थोडक्यात निभावलं आणि सगळं गेलं यात दोन डिग्रीसुद्धा नाहीत! वर 10 टक्के गेली तर सफरचंदवाला खूशच होतो, विरळणीची, म्हणजे जास्तीची फळं खुडायची, मजुरी वाचते.

लॅबमध्ये फुलांच्या फांद्या फ्रीजरमध्ये ठेवून तापमान हळूहळू उतरवायचं, टप्प्याटप्प्याने काही बाहेर काढायच्या, मग फुलं ब्लेडने चिरून बघायची. यात कोरडं फूल हमखास फसवतं, शून्याच्या बरंच खाली गेलं तरी आतलं पाणी गोठतच नाही, म्हणून आधी फुलं ओली करून बर्फाचा कण लावायचा, नाहीतर आकडे झकास येतात आणि दव पडलेल्या बागेत तोंडावर पडतात.

एका एप्रिलमध्ये एका म्हाताऱ्या बागवाल्याने रात्री फोन केला, पंखे लावू का, म्हणजे वरची उबदार हवा खाली ढकलणारे बागेतले मोठे पंखे. लाव म्हटलं. सकाळी गेलो तर बाग पांढरीशुभ्र, पाकळ्या टवटवीत, तो म्हणाला बघ, वाचली. मी गुच्छातलं मधलं फूल चिरलं, ते सगळ्यात आधी उमलतं आणि आधी जातं, स्त्रीकेसर काळं, म्हणजे फूल मेलेलं. दुसरं काळं. बाजूच्या फुलांत मधूनच एखादं हिरवं. उताराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे गार हवा साचते, तिथे तर सगळंच काळं. त्याने ब्लेड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः चिरत सुटला, माझी मोजणी कधीच संपली होती तरी. सेन्सर वरच्या अंगाला, त्यावर उणे 3 च्या आसपास. "मग तुझा आकडा काय म्हणतो?"

आकडा बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. पीएचडी करताना दशांशासाठी भांडणारा मी यावर खूश झाला असता. त्या कोपऱ्यात उभं राहून मात्र मला ते बोलवेना, आणि का बोलवेना हे अजून नीट सांगता येत नाही. तक्ता नसता तर त्याने पंखे तरी लावले असते का?

मामा, हे द्राक्षाला लावू नकोस प्लीज.

परवा परत एकाने विचारलं. उणे 2.2 म्हणालो. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.