सावलीत बसण्याच्या परवानगीसाठी उन्हातल्या तीन खेपा

मे महिन्यात नागपुरात मुलांना घराबाहेर न्यायचे म्हटले, की शेजारीपाजारी आपल्याकडे काळजीनेच पाहू लागतात, आणि मे 2013 मध्ये 47.9 अंशांपर्यंत चढलेला पारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याबद्दल दोषही देता येत नाही. तरीही सुट्टीसाठी पुण्याहून आलेले भाचे-भाच्या आणि आमच्या घरातली दोन, अशी पाच मुले दिवसभर कूलरसमोर कोंडून ठेवणे मला पटेना. शेवटी असे ठरले, की नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होण्याआधीच्या रविवारी पहाटे साडेपाचला घराजवळच्या बागेत जायचे, कडुलिंबाखाली सतरंज्या टाकायच्या, डबे खायचे आणि साडेआठच्या आत घरी परतायचे. अडचण एवढीच होती, की आम्ही अकरा जण होतो आणि दहापेक्षा अधिक माणसांनी बागेत बसून खायचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी, असा फलक फाटकावर होता.

अर्ज मिळणे, आधार कार्डाची झेरॉक्स जोडणे, अनामत रक्कम भरणे, हे सारे पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात झाले. अडले ते वेळेच्या रकान्यात. त्यात ‘सकाळी 10 ते सायंकाळी 5’ असे आधीच छापलेले होते. मी ते खोडून ‘5.30 ते 8.30’ लिहिले, तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. “देखरेखीचा माणूस दहाला येते जी. पहाटे कोण पाहणार तुमच्याकडे?” दहा वाजता या शहरात मुलांना बागेत बसवणे म्हणजे काय, हे मी त्यांना समजावू लागलो. त्यांनी माझे सारे शांतपणे ऐकून घेतले, माठातले पाणीही दिले, आणि “साहेबांना विचारा” असे सांगितले. साहेबांची वेळ अकरानंतरची होती.

दुसऱ्या खेपेला साहेब बैठकीला गेले होते. मी दीड तास व्हरांड्यात थांबलो. तिथला कूलर चालू होता, पण त्याच्यात पाणी नव्हते, त्यामुळे तो गरम वारा तेवढा फेकत होता. एक वाजता दुचाकीची सीट रुमालाने झाकून घरी निघालो, तेव्हा आपण मुलांना ज्यापासून वाचवू पाहतो आहोत तेच ऊन गेले दोन दिवस आपणच डोक्यावर घेत आहोत, हे लक्षात येऊन मला रागही आला आणि हसूही.

तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण जेवायला बसले होते. “करून राहिले जेवण, थांबा,” असे मला सांगण्यात आले. त्या वेळी आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी माझा अर्ज हातात घेतला आणि ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यावर बोट ठेवले. मी तिथे ‘कौटुंबिक सहल व अल्पोपाहार’ असे लिहिले होते. “तुम्हीच याला कार्यक्रम करून टाकला, भाऊ,” त्या म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी खाली दोन ओळी वाढवल्या: बाग फिरायला येणाऱ्यांसाठी उघडी असते त्याच वेळेत बसू; मांडव, ध्वनिक्षेपक, चूल यांपैकी काहीही नसेल आणि कचरा सोबत नेऊ. साहेबांनी त्या ओळी वाचल्या आणि पाच मिनिटांत सही केली. म्हणून कोणी असा अर्ज करणार असेल, तर आपण काय करणार आहोत यापेक्षा काय करणार नाही, हे आधी लिहावे. मला हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर दोन दुपारी वाचल्या असत्या.

पहाटेचाच हट्ट का, असे घरातही विचारले गेले. येथे मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि त्याच्या आसपासची वेळच दिवसातली सर्वांत थंड असते. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेले दिसते, पण डांबर, दगड आणि सिमेंट दिवसभर शोषलेली उष्णता बाहेर टाकत असतात. मागच्या वर्षी फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही संध्याकाळी गेलो होतो, तेव्हा धाकटी बसायला तयार नव्हती. कट्ट्याला हात लावल्यावर मला कारण कळले. घसरगुंडीचेही तसेच आहे. पत्र्याची असेल, तर आधी आपला तळहात तिच्यावर ठेवावा आणि मगच मुलाला वर चढू द्यावे.

आपली हवा कोरडी असल्यामुळे घाम येताच उडून जातो. मूल ओलेचिंब दिसत नाही आणि किती पाणी गेले ते समजत नाही. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता आम्ही दर वीस मिनिटांनी दोन-दोन घोट पाजत होतो. आईने पन्हे केले होते, पण ते गोड असल्याने मुले त्यावरच तुटून पडली आणि साध्या पाण्याला हात लावीनात. पुढच्या वेळी पन्हे शेवटी काढीन. हवेच्या याच कोरडेपणाचा एक फायदाही आहे: सुती दुपट्टा भिजवून मानेभोवती गुंडाळला, की तो कूलरच्या ताटीसारखा गारवा देतो. मुलाचे डोके दुखू लागले, ते गप्प बसले किंवा त्याची लघवी गडद झाली, तर डबा अर्धा राहिला तरी उठावे.

आठ वाजून दहा मिनिटांनी सावली सतरंजीवरून सरकली आणि आम्ही आवरायला घेतले. मोठ्या भाच्याने कचऱ्याची पिशवी स्वतःहून उचलली. अर्जात लिहिलेले त्याला मी वाचून दाखवले होते.

अनामत रक्कम अजून मिळायची आहे. पावतीच्या मागे ‘परताव्यासाठी समक्ष यावे, वेळ दुपारी 12 ते 2’ असा शिक्का आहे. मी मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जाणार आहे.